घरात कोणालाच वाचता न येणारी वही

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लोक जातात ते कापड घ्यायला. लग्नाचा बस्ता असो की दुकानासाठी ठोक माल, दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात या बाजारपेठेचं नाव घरोघरी माहीत आहे. ही पेठ एका छावणीच्या जागेवर उभी राहिली, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. त्या छावणीने पाठोपाठ दोन निर्वासित समाजांना आसरा दिला.

पहिले आले पोलंडचे लोक. 1940 पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकली होती. 1941च्या करारानंतर त्यांची सुटका झाली आणि त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली. ते गेले आणि त्याच वसाहतीत सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं उतरली. वस्तीचं नाव गांधीनगर झालं.

पुढची गोष्ट पुस्तकांची आहे. वळिवड्यात लहानाची मोठी झालेली पोलिश मुलं जगभर पांगली. म्हातारपणी ती लंडनमध्ये संघटित झाली. त्यांनी दप्तरखान्यांतले कागद शोधले, एकमेकांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि 2000 साली पोलिश भाषेत एक जाडजूड ग्रंथ काढला. 2009 साली त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. छावणीतले दिवस आज ज्याला वाचायचे आहेत, त्याला ते वाचता येतात. त्याच छावणीत नंतर राहिलेल्या सिंधी आजोबांनी लिहिलेली वही मात्र बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी आहे. ती छापली गेली नाही, कारण घरात ती वाचता येणारं कोणी उरलेलं नाही.

सिंध्यांचं देशांतर पंजाब-बंगालपेक्षा वेगळ्या तऱ्हेने झालं. पंजाब आणि बंगाल हे प्रांत चिरले गेले, सिंध अखंडच्या अखंड पाकिस्तानात गेला. ऑगस्ट 1947 मध्ये बहुतेक सिंधी हिंदूंना वाटत होतं, राज्यकर्ते बदलतील, आपण इथेच राहू. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली. शहरात आलेल्या शिखांवर गुरुद्वाऱ्यात हल्ला झाला आणि मग हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर लोंढा सुरू झाला. कोणी हैदराबाद-मीरपूरखासवरून रेल्वेने जोधपूरच्या बाजूला उतरलं, कोणी कराचीहून बोटीने ओखा, पोरबंदर, वेरावळ किंवा थेट मुंबईच्या गोदीत. 1951च्या जनगणनेत सिंधमधून आलेल्यांचा आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास नोंदला गेला. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकी रिकाम्या होत्या. कल्याणजवळ, पुण्याच्या पिंपरीत अशा ठिकाणी त्यांना ठेवण्यात आलं. कल्याण कॅम्पचं पुढे उल्हासनगर झालं.

मराठी माणसाला हा प्रदेश परका असायचं खरं तर कारण नव्हतं. 1 एप्रिल 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या दयाराम जेठमल कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. कराचीत मराठी वस्ती होती, आणि फाळणीनंतर तिच्यातलीही बरीच कुटुंबं गाशा गुंडाळून इकडे आली. तरी शेजारच्या सिंधी घरात 1948 साली काय घडलं होतं, हे विचारायचं आपल्याकडे सहसा कोणाला सुचलं नाही.

विचारलं असतं तरी उत्तर मिळालंच असतं असं नाही. छावणीत आलेल्या पिढीला आधी रेशन मिळवायचं होतं, मुलांना शाळेत घालायचं होतं, गाड्यावर नाहीतर टपरीत धंदा उभा करायचा होता. त्या धबडग्यात गाव, हवेली, बोटीवरची रात्र हे विषय मागे पडले. निवृत्तीनंतर मात्र पुष्कळांनी लिहिलं. कोणी शाळेच्या वहीत लिहिलं, कोणी जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर, कोणी हिशेबाच्या चोपडीत. ते छापायचं काम पुढच्या पिढीवर आलं, आणि त्या पिढीपुढे पहिलीच अडचण लिपीची.

सिंधी भाषा अनेक लिप्यांत लिहिली गेली आहे. सरकारने 1853 साली ठरवलेली, अरबी वळणाची 52 अक्षरांची लिपी शाळांत आणि कचेऱ्यांत चाले. व्यापारी आपले हिशेब हटवाणिका लिपीत ठेवत. तिच्यात मात्रा गाळण्याची पद्धत होती, म्हणून एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचताना घाम फुटे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांनी 1868 साली या घराण्यातल्या खुदाबादी लिपीला स्वरचिन्हं देऊन ती शाळेत वापरण्याजोगी केली. कराचीतली एक प्रसिद्ध शाळा आजही वैद्यांच्या नावाने ओळखली जाते. पुष्कळ हिंदू स्त्रियांना पोथीपाठासाठी शिकलेली गुरुमुखी तेवढी येत असे. म्हणजे एकाच कुटुंबात वडिलांची वही अरबी सिंधीत, आजोबांचे हिशेब हटवाणिकात आणि आजीचा एखादा कागद गुरुमुखीत, असं सहज असू शकतं. भारतात आल्यावर देवनागरी की अरबी लिपी, हा वाद सिंधी समाजात वर्षानुवर्षं चालला. तो मिटण्याआधीच मुलं मराठी, हिंदी आणि इंग्रजी शाळांत गेली.

आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच हे. घरात दप्तर आहे, आडनाव आपलं आहे, आणि तरी वाचायला माणूस बाहेरून आणावा लागतो. फरक इतकाच की मोडी लिहिणारे जाऊन काळ लोटला, अरबी-सिंधी वही लिहिणाऱ्याची मुलं आज साठी-सत्तरीत आहेत. 1947 साली पंधरा वर्षांचा असलेला माणूस आता नव्वदी ओलांडून गेला आहे. लिहिणाराच हयात असेल तर वही त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणं, हा सगळ्यांत सोपा उपाय. तो नसेल तर उल्हासनगर, मुंबई, पुणे इथल्या सिंधी शिक्षकांकडे, लेखकांकडे किंवा महाविद्यालयांतल्या सिंधी विभागांकडे जावं लागतं.

लिप्यंतर आणि भाषांतर ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि घाईत पहिलं गाळलं जातं. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारली जाणारी चार व्यंजनं आहेत. त्यांच्यासाठी देवनागरीत खाली रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं उपलब्ध आहेत. वहीचा मूळ मजकूर असा देवनागरीत उतरवून ठेवला, की पुढे इंग्रजी किंवा मराठी भाषांतर कोणीही, कधीही तपासू शकतो. थेट इंग्रजीत भाषांतर करून मूळ वही पुन्हा ट्रंकेत टाकली, तर भाषांतरातली चूक कायमची होऊन बसते.

हे काम घरातल्याच माणसाने केल्याची उदाहरणं आहेत. अनीस किदवई यांनी 1947-48च्या दिल्लीतल्या निर्वासित छावण्यांत काम केलं. त्या अनुभवांचं त्यांचं उर्दू पुस्तक ‘आझादी की छाँव में’ 1974 साली आलं. त्यांची नात, भाषाशास्त्रज्ञ आयेशा किदवई यांनी 2011 साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि उर्दू न येणाऱ्या वाचकांना ते पुस्तक खुलं झालं. सिंधीत पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्राला 1982चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोपटीबाई मुंबईत राहत, इथल्या कॉलेजात शिकवत. ते पुस्तक इंग्रजीत यायला 2010 उजाडलं. मान्यवर लेखिकेच्या गाजलेल्या पुस्तकाला इतकी वर्षं लागली, तर एखाद्या कापड दुकानदाराच्या वहीचं काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

काही वेळा लेकरांनाच धीर होत नाही. इरेन नेमिरोव्स्की या कीवमध्ये जन्मलेल्या लेखिकेचं कुटुंब रशियन क्रांतीनंतर पळून फ्रान्सला गेलं. 1942 साली त्यांना पकडून ऑशविट्झला नेण्यात आलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली सुटकेस त्यांच्या मुलींनी लपतछपत जपली. आतल्या बारीक अक्षरातल्या वहीत आईची रोजनिशी असेल, ती वाचवणार नाही, म्हणून ती दशकानुदशकं उघडून नीट वाचलीच गेली नाही. थोरली मुलगी दनीज एप्स्टाइन यांनी अखेर भिंग घेऊन ती उतरवून काढली, तेव्हा कळलं की ती कादंबरी आहे. ‘स्वीत फ्रान्सेज’ 2004 साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वाचली गेली.

उतरवून झालं की संपादन. इथे घराघरांत भांडणं होतात. वडिलांनी काकांबद्दल लिहिलेला परिच्छेद ठेवायचा का? सोनं कोणी लपवून आणलं, कोणाची वाट बोटीवर वेगळी झाली, कोणत्या शेजाऱ्याने दार लावून घेतलं आणि कोणत्या मुसलमान मित्राने स्टेशनापर्यंत सोबत केली, हे सगळं छापायचं की नाही? बहुतेक मुलांचा कल आई-वडिलांना थोडं उजळ करून दाखवण्याकडे असतो.

मराठीत या बाबतीतलं एक ठसठशीत उदाहरण आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857च्या धामधुमीतला आपला प्रवास चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून ठेवला. वैद्यांनी तो 1907 साली, गोडसे भटजींच्या निधनानंतर प्रसिद्ध केला, पण भाषा सुधारून आणि मजकुरात फेरफार करून. सुदैवाने मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुरक्षित राहिलं, आणि दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. तेव्हा वाचकांना खरे गोडसे भटजी भेटले. संपादकाने काय बदलायचं हा प्रश्न मोठा आहेच. पण मूळ कागद जपून ठेवला, तर चुकीचा निर्णयही पुढे दुरुस्त होऊ शकतो.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनी पोलंडमधून छळछावणीत गेलेल्या आपल्या वडिलांच्या, व्लादेक यांच्या आठवणी टेपवर घेतल्या आणि त्यातून ‘माउस’ ही चित्रकथा दोन भागांत, 1986 आणि 1991 साली सिद्ध केली. तीत वडिलांचा चिक्कूपणा आहे, दुसऱ्या बायकोशी होणारे खटके आहेत, आणि आईने लिहिलेल्या वह्या वडिलांनी जाळून टाकल्याची कबुलीही आहे. 1992 साली या पुस्तकाला पुलित्झर समितीचा विशेष पुरस्कार मिळाला. व्लादेक वाचकाला खरा वाटतो, कारण मुलाने त्याची कुरूप बाजू झाकलेली नाही. आणि आईची बाजू कायमची गेली, ती निव्वळ कागद नष्ट झाल्यामुळे.

आठवणींतल्या तपशिलांचं काय करायचं, हाही संपादनाचाच भाग. वहीत समजा लिहिलेलं असतं, ‘1948 साली आम्ही उल्हासनगरला उतरलो.’ त्या साली त्या जागेचं नाव कल्याण कॅम्प होतं, उल्हासनगर हे नाव 1949 साली मिळालं. वडील खोटं बोलत नव्हते, चाळीस वर्षं तोंडात बसलेलं नाव त्यांनी लिहिलं. अशा ठिकाणी मजकूर तसाच ठेवून खाली टीप द्यावी. वहीतली तारीख गुपचूप बदलली, तर ती आठवण वडिलांची राहत नाही. टीप न देता सोडली, तर जाणकार वाचकाचा पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो.

तपासणीसाठी घरातच पुष्कळ साधनं सापडतात. निर्वासित म्हणून केलेल्या नोंदणीचे कागद, छावणीचं रेशनकार्ड, कराचीच्या शाळेचा दाखला, मुंबई विद्यापीठाचं प्रमाणपत्र. शिवाय ‘क्लेम’ची फाइल. मागे राहिलेल्या घरादाराच्या मोबदल्यासाठी सरकारकडे दावे दाखल करण्याचा कायदा 1950 साली झाला आणि भरपाईचा 1954 साली. त्या दाव्यात खोल्या किती, जमीन किती, गल्ली कोणती हे सगळं लिहावं लागे. लेखी पुरावा म्हणून या फाइलला तोड नाही. अर्थात भरपाई वाढवून मिळावी म्हणून कोणी हवेलीला दोन खोल्या जास्त जोडल्या असतील, हेही संपादकाने मनात धरावं. वळिवड्याच्या पोलिश मंडळींनी आपल्या ग्रंथात कागदपत्रं आणि आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या, ती रीत अनुकरणीय आहे. दोन्हींत मेळ नसेल तिथे वाचक स्वतः ठरवतो.

आता कायद्याचं. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या लेखनाचा कॉपीराइट वारसांकडे जातो. चार भावंडं असतील तर एकाने परस्पर पुस्तक काढण्यापेक्षा चौघांची लेखी संमती घेणं शहाणपणाचं. मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित दिलं असेल आणि वेगळं काही म्हटलं नसेल, तर 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तलिखिताबरोबर कॉपीराइटही त्याला मिळतो. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लेखन नंतर प्रसिद्ध झालं, तर प्रसिद्धीनंतर 60 वर्षं ते संरक्षित राहतं. पत्रांच्या बाबतीत गल्लत होते. मामाने आईला लिहिलेलं पत्र आईच्या पेटीत असलं, तरी मजकुराचा कॉपीराइट मामाचा किंवा त्याच्या वारसांचा. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस हयात नसला, तरी त्याच्या नातलगांच्या भावना दुखावणारा मजकूर बदनामीच्या कक्षेत येऊ शकतो. नाव बदलून तसं टिपेत सांगणं हा त्यावरचा रुळलेला मार्ग.

प्रकाशक मिळेलच असं नसतं. अनोळखी माणसाच्या आठवणींवर पैसे गुंतवायला मोठे प्रकाशक कचरतात, आणि त्यांचंही फार चुकतं असं नाही. पण आज पन्नास प्रतीही छापता येतात, मागणी येईल तशी एकेक प्रतही काढता येते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. पुण्यात राहणाऱ्या लेखिका साझ अगरवाल यांनी सिंधी आईच्या आठवणी लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यांना इतर सिंध्यांच्या कहाण्यांची जोड मिळत गेली आणि 2012 साली सिंधवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. ते त्यांनी पुण्यातून स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातर्फे काढलं. एका घरातून सुरू झालेलं काम समाजाचा दस्तऐवज कसं होतं, याचा हा चांगला नमुना आहे.

छापणं म्हणजे मुक्काम गाठला असं नव्हे. लग्नात पाहुण्यांना वाटलेल्या पन्नास प्रती दहा वर्षांत कपाटांतून नाहीशा होतात. 1954च्या कायद्याप्रमाणे भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथली नेमलेली सार्वजनिक ग्रंथालयं यांना पाठवायची असते. घरगुती प्रकाशकांना हे बहुधा ठाऊकच नसतं. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये 2017 साली सुरू झालेलं फाळणी संग्रहालय वस्तू आणि कागदपत्रं स्वीकारतं. फाळणी पाहिलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती ‘1947 पार्टिशन आर्काइव्ह’ या संस्थेने जमवल्या आहेत. त्या बोललेल्या आठवणी आहेत, माणसाने स्वतः बसून लिहिलेली वही त्यांना पूरक ठरते.

एक काम मात्र महाराष्ट्रातच होऊ शकतं. सिंधी वह्यांची जी थोडी पुस्तकं होतात, ती बहुतांशी इंग्रजीत. उल्हासनगर, पिंपरी, गांधीनगर, चेंबूर, मुलुंड इथे या कुटुंबांच्या शेजारी पिढ्यानुपिढ्या राहणारा वाचक मराठी आहे, आणि तिथल्या सिंधी तरुणांपैकी अनेकांना मराठी उत्तम येतं. आजोबांची वही थेट मराठीत यायला हरकत नाही. मराठी प्रकाशकांनी आणि विद्यापीठांच्या भाषा विभागांनी असे दोन-चार प्रकल्प हाती घेतले, तरी मुंबई इलाख्याच्या इतिहासातलं एक कोरं पान भरून निघेल.

तोवर घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. वहीची पानं उजेडात एकेक करून मोबाइलवर टिपावीत, कव्हर आणि कोरी पानंसुद्धा. प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये, तिचा डिंक कागद पिवळा करून खातो. भावंडांना एकत्र बसवून संमतीचा कागद करावा. आणि अरबी-सिंधी वाचणारा जाणकार शोधून किमान पहिली दहा पानं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. ती लिपी सहज वाचणारी माणसं महाराष्ट्रात अजून आहेत, पण त्यांतले बहुतेक वयाने बरेच पुढे गेलेले आहेत. म्हणून हे काम पुढच्या सुटीवर न ढकलता याच महिन्यात सुरू करावं.